खताचं गाडगं

विहिरीजवळच्या आमच्या पट्टीत पाणी दिलं की वर पांढरी खार फुटते. तिथं गव्हाला युरिया टाकावा की अमोनियम सल्फेट, यावरून माझे सासरे आणि नवरा एकमेकांशी बोलेनासे झाले. जेवायला शेजारी बसायचे, पण भाजी माझ्याकरवी मागायचे.

"तुझ्या सासऱ्यांना सांग, खारट जमिनीत युरिया हवेत उडून जातो."

"त्याला म्हणावं, जलमभर युरियाच टाकला मी. उडताना कधी दिसला न्हाई!"

शेवटी मीच कड्याच्या बाजारपेठेत खताच्या दुकानात गेले. दुकानदार चाचा हसले. "बेटी, त्याच पट्टीची ओली माती दोन गाडग्यांत घे. एकात युरिया कालव, दुसऱ्यात सल्फेट. गाडग्यांच्या तोंडाला फडकं बांध आन चार-पाच दिसांनी हुंग. ज्याचा वास लई, ते खत वाया चाललं."

तसं केलं. गाडगी ओसरीवर ठेवली. हुंगायच्या दिवशी नवरा शेतात होता, पण सासऱ्यांना दम निघेना. त्यांनी युरियाच्या गाडग्याचं फडकं सोडलं आणि थेट नाकच आत घातलं. मुतारीसारखा भपका आला. डोळ्यांतून धारा लागल्या, घसा बसला, डोकं धरून ते खालीच बसले.

नेमकी तेव्हाच शेजारीण विरजण मागायला आली. समोर गाडगं, पांढरं फडकं आणि ढसाढसा रडणारे सासरे.

"अगं बया! कोण गेलं वो?"

सासऱ्यांना बोलता येईना. त्यांनी नुसतं गाडग्याकडं बोट दाखवलं.

"येवढंसंच उरलं का वो माणूस!" म्हणत तिनं असा हंबरडा फोडला की माझं कुणी ऐकेचना. बघता बघता सगळी गल्ली दारात. एकीनं तर दहावा कधी हाय तेही विचारलं.

कुणीतरी नवऱ्याला फोन केला. तो धापा टाकत आला, गर्दी पाहून पांढराफटक पडला आणि ओसरीवर वडील जिवंत दिसताच त्यांच्या गळ्यात पडला.

"दादा, तुमी म्हणाल तेच टाकू! युरियाच टाकू!"

सासऱ्यांचा आवाज तेवढ्यात परतला.

"गप बे! सल्फेट आण."

सल्फेटच्या गाडग्यालाही वास होता, पण नाक धरावं एवढा नव्हता. रडायला आलेल्या सगळ्यांना मी चहा केला. खत पेरून मातीआड केलं, वरून हलकं पाणी दिलं. जिथं खार फारच होती तिथं टकलं राहिलीच. बाकी गहू मात्र कमरेला लागला.