न सोडलेली पेंढी

मी परदेशी निघालो त्या सकाळी आबा फाट्यावर आले नाहीत. अख्खं गाव आलं होतं. बांधावरून ज्यांच्याशी आमचा अबोला, ते शेजारचे नानासुद्धा टोपी सारखी करत आले. माय दशम्यांचं फडकं छातीशी धरून उभी, अक्का शिरपूरहून मुद्दाम आलेली, आणि माझा सख्खा बाप गोठ्यात! मी पाया पडायला गेलो तेव्हा त्यांच्या हातात कडब्याची पेंढी होती. वर न बघता म्हणाले, "चांद्याले चारा टाकना शे. तू जाय."

झालं. एवढंच. चांद्या म्हणजे आमचा बैल, कपाळावर पांढरा टिळा असलेला. त्याला चारा अर्ध्या तासाने टाकला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? मी एसटीत बसलो तो दातओठ खातच. भडगाव मागे पडलं, गिरणेचा पूल गेला, पण एकदा म्हणून मागे वळून पाहिलं नाही.

गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं परदेशात गेलेला माणूस सूट घालून हिंडतो. मी गमबूट घालतो. धुळ्याला शेतीची पदविका केली, ट्रॅक्टर लहानपणापासून हातात होता, त्यावर न्यूझीलंडमधल्या गुरांच्या फार्मवर नोकरी मिळाली. म्हणजे काय, फिरून फिरून भोपळे चौकात! ज्या शेणाच्या वासापासून सुटायचं म्हणून शिकलो, तोच वास आता विमानाने येऊन घेतो. तुमच्यातले जे सुरत, पुणे, दुबईला गेलेत, त्यांना हे हसू कळेल.

इथं वैरण माणूस वाहत नाही. गवताचे गोल गठ्ठे असतात, आपल्या बैलाएवढे जड, वरून प्लॅस्टिकच्या जाळीत घट्ट गुंडाळलेले. ट्रॅक्टरमागे फीडर, म्हणजे चारा पसरायचा गाडा, जोडलेला. गठ्ठा त्यावर चढवायचा, चाकूने जाळी कापून ओढून काढायची, मग ट्रॅक्टर हळूहळू हाकत फीडरची साखळी चालू करायची. गठ्ठा उलगडत जातो आणि गवताची लांब ओळ कुरणात पडत जाते. चारशे गाई मागून येतात. हिवाळ्यात बोटं बधिर होतात, पण केबिनमध्ये हीटर असतो. चाऱ्याला हात लावावा लागतो तो फक्त जाळी काढताना, तोही हातमोजा घालून.

आबांची पद्धत वेगळी होती. पेंढीचा बंध सोडायचा, ती मोकळी करायची, आत कोपरापर्यंत हात फिरवायचा. बुरशी आहे का, काटा आहे का, तारेचा तुकडा आहे का. मगच गव्हाणीत. मी लहान असताना घाईत एकदा बांधलेलीच पेंढी भिरकावली, तर भर दुपारी कान पिळला होता. "सोड्याबिगर टाकू नको. मुकं जनावर तुले काय सांगी?" त्यांचं हे वाक्य मला तोंडपाठ. घरात कोणाला ताप आला तरी आधी गोठा, मग वैद्य, असा त्यांचा हिशेब.

आठ वर्षं मी फोनवर त्यांच्याशी तुटकच बोललो. खरं सांगतो, मुद्दाम. मायशी तासभर, आबांशी 'बरे आहात ना' एवढंच. ते विचारायचे तेही गाईंचंच. एकदा मी ऐट म्हणून व्हिडिओवर फीडर दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "चाराले हातच लागत नही का रे?" मला वाटलं टोमणा मारतात. "नाही लागत, मशीन कशाला आहे मग?" असं म्हणून मी फोन ठेवला. आमचं शेवटचं धड बोलणं ते.

गेल्या हिवाळ्यात, दुपारच्या फेरीला, अक्काचा फोन आला. तिकडे नुकतंच उजाडलं होतं. आबा पहाटे गोठ्यात गेले आणि तिथेच बसल्या बसल्या गेले. अक्काला बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "गाई फाटकाशी उभ्या आहेत, एवढं टाकून फोन करतो." माझं मलाच कळत नव्हतं मी काय बोलतोय ते.

गठ्ठा चढवला. ट्रॅक्टर चालू केला. दहा-वीस पावलं गेलो असेन, फीडर कर्कश ओरडून थांबला. उतरून बघतो तर जाळी तशीच. कापलीच नव्हती! साखळीच्या दांड्याला तिचा पीळ बसला होता, आणि खाली पडलेल्या गवतात जाळीची लांब शेपटं. एक गाय ती चघळत होती. इंजिन बंद करून धावलो, तिच्या जबड्यात हात घालून हातभर जाळी ओढून काढली. नंतर चिखलात गुडघे टेकून चाकूने एकेक धागा कापत बसलो. मालक आला, ओरडायला म्हणून आला असणार. माझं तोंड बघून दुसरा चाकू घेऊन शेजारी बसला. आठ वर्षांत ही चूक मी कधीच केली नव्हती.

रजा, तिकीट, सगळं जमेपर्यंत अग्नी चुलतभावाने दिला होता. मी पोचलो तो दहाव्याच्या आदल्या दिवशी. सगळे पांगल्यावर माय आणि मी गोठ्यात बसलो. चांद्या म्हातारा झालाय, टिळा आता अंगाच्या पांढऱ्यात हरवलाय. बोलता बोलता मी मायला जाळीची गोष्ट सांगितली. तिने पदर तोंडाला लावला.

"तू गया ना, त्या दिन तुना बापनी पेंढी सोडीच नही," माय म्हणाली. "तशीच टाकी दिन्ही. चांद्या दुपारलोंग तोंड न लावता उभा. मी जाईसन सोडी. त्यासना हातून जनमात पयलांदाव असं झायं."

आठ वर्षं मी ज्या माणसावर राग धरला, त्याला त्या सकाळी हातातली पेंढी दिसत नव्हती. फाट्यावर येऊन चारचौघांत रडणं त्यांना जमलं नसतं, म्हणून त्यांनी बैलाला पुढे केलं. आणि मी मूर्ख, बैलावर जळलो! एका फोनवर मिटलं असतं हो. तो फोन आता कुठे लावू?

घर कुठे, असं इथे न्यूझीलंडमधले लोक विचारतात तेव्हा मी जळगाव जिल्हा सांगून मोकळा होतो. खरं म्हणजे जाळी कापून झाली की आता हातमोजा काढून गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालतो, तेवढा वेळ मी घरी असतो. मालक बघतो आणि फाटक उघडायला जातो.

दहाव्यानंतर गावाहून परत निघायच्या सकाळी मी चांद्याची पेंढी सोडली, हात फिरवला, गव्हाणीत टाकली. बाहेर पाचोऱ्याच्या एसटीचा हॉर्न वाजला. मी मायच्या पाया पडलो. तिने बादली उचलली आणि माझ्याकडे पाठ केली.

"चांद्याले पाणी दाखाडनं शे," ती म्हणाली. "तू जाय."

बादली रिकामी होती. मी एसटीत चढलो. या खेपेला मात्र फाटा दिसेनासा होईपर्यंत मागे बघत राहिलो.