आक्कांनी केलेली सही

आक्कांचा सगळा दिवस फुलांत जायचा, पण त्यांच्या अंबाड्यात मी कधी फूल पाहिलं नाही. तिथे दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा असे, कागदात गुंडाळून खोचलेला. काम निघालं की हात मागे जाई, ब्लेड बाहेर येई आणि बघता बघता गुलाबाच्या खुंटाची साल उचललेली दिसे. मानेला लागलं तर, असं मी एकदा घाबरून विचारलं. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं झाली पोरी, लागायचं आसतं तर लागलं आसतं."

तेव्हा गंगापूर रोडला बंगल्यांच्या मधेमधे मळे शिल्लक होते. आक्कांचा अर्धा एकर त्यांतलाच. रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरायचा, म्हणजे त्याची कळी सालीखाली बसवून पट्टीने बांधायची, आणि तयार झालेली रोपं रस्त्याकडेला मांडून विकायची, हा त्यांचा धंदा. नवरा लवकर गेलेला. दोन मुलं, एक टेम्पो चालवायचा, दुसरा सातपूरला कंपनीत. "मातीत हात घालायचा म्हनलं का दोघं पळत्यात," असं त्या हसून सांगायच्या, पण त्या हसण्यात काही राम नसायचा.

सत्त्याण्णव साली मी बारावी झाले. शेतकी कॉलेजात सहज प्रवेश मिळेल एवढे मार्क होते. पण माझ्या डोक्यात खूळ शिरलं. जिने उभ्या जन्मात तुळशीपलीकडे काही लावलं नाही, तिने चार वर्षं पुस्तकातून शेती शिकायची? आधी एक वर्ष हाताने शिकेन, मग जाईन. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. त्यांच्या लेखी हा शुद्ध वेडेपणा. महिनाभर घरात अबोला. शेवटी एक वर्ष, वर एक दिवस नाही, या अटीवर ते कबूल झाले. कॉलनीत मात्र आईने सांगून टाकलं की हिला कावीळ झालीय, डॉक्टरांनी वर्षभर अभ्यासाचा ताण नको म्हटलंय. मी सकाळी बस पकडताना दिसले की लोकांना वाटे, दवाखान्यात चाललीय बिचारी. शेजारच्या काकूंनी तर इतका उसाचा रस पाजला की खरीच आजारी पडते की काय असं झालं. मी गंमत म्हणून पीत राहिले. खोट्याची सवय अशीच लागते.

आक्कांना मी रस्त्यावरचं एक रोप विकत घेताना भेटले होते. हे कसं करता, शिकवाल का, असं विचारलं तर त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि उद्या सातला ये म्हणाल्या. नाव विचारलं नाही, कुठून येणार एवढंच विचारलं. मग वर्षभर मी "ए नाशिकरोड" या हाकेला ओ देत होते. दिवाळीपर्यंत ब्लेडला हात लावू दिला नाही. निंदणी, पाणी, काटे. माझी बोटं सोलून निघाली, तेव्हा कुठे डोळा भरायला बसवलं.

चुकलीस असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मी बांधलेल्या डोळ्याकडे बघून नुसतं "ह्यो झोपला" म्हणायच्या, आणि तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की खरंच काळा पडलेला असायचा. माझे पहिले तीस डोळे झोपले. एकतिसावा हिरवा निघाला तेव्हा मी आनंदाने रडले, आणि आक्का रस्त्यावर जाऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागल्या, "ही माझ्याकडं शिकती. कॉलेजात जानार हाय." पुढे ते रोजचंच झालं. एकदा दुपारी भाकरी खाताना त्यांनी विचारलं, "तिथं इचारतील नं, आधी कोनाकडं शिकली? माझं नाव सांगशील?" मी म्हणाले, सांगेन की, त्यात काय.

जूनमध्ये कॉलेजने गॅप सर्टिफिकेट मागितलं. मधल्या वर्षात काय केलं ते स्टँप पेपरवर लिहून द्यायचं. मला ओळखणारं माणूस म्हणून घराबाहेरच्या कुणाची तरी सही लागणार होती. मी आक्कांना विचारलं. वडिलांनी मला बजावलं होतं, घरीच होते असं लिही, उगाच फाटे फोडू नकोस. हे मी आक्कांना बोलले नाही. कचेरीत जायच्या दिवशी त्या ठेवणीतलं पातळ नेसून आल्या होत्या. बसमध्ये माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "तुझी चारशे बारा कलमं झाली. मोजून आलीय मी. कागदात लिहायला लागंल नं?" तेव्हा तरी सांगायचं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडे मजकूर तयारच होता. सदर वर्षात मी कोठेही शिक्षण घेतले नाही, कोठेही काम केले नाही, मी घरीच होते. काही बदल करायचा का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणाले.

आक्का चौथी शिकलेल्या. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायच्या. ते बोट मधेच थांबलं.

"म्हंजे वरीसभर तू माझ्याकडं नव्हतीस?"

"आक्का, नुसता कागद आहे तो."

"नुसत्या कागदाला माझी सही कशाला लागती मग?"

मी पेन त्यांच्यापुढे धरलं. माझा प्रवेश अडेल एवढं त्यांना कळलं असावं. त्यांनी सावकाश, पूर्ण नाव घालून सही केली. परत येताना होस्टेलवर गार पाण्याने डोकं धुऊ नकोस, एवढंच सांगितलं.

कॉलेजात डोळा भरण्याचं प्रॅक्टिकल झालं तेव्हा माझा हात बघून सर चकित झाले. कुठे शिकलीस? मी म्हणाले, घरी, पुस्तकात बघून. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. कागदावर तसं लिहिलंय म्हणून घाबरले, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ती खोटी. रस्त्याकडेला रोपं विकणाऱ्या बाईकडे शिकले असं त्या शहरी पोरापोरींत सांगायची मला लाज वाटली. आज मी स्वतः हाच विषय शिकवते, आणि त्या टाळ्या आठवल्या की तोंड लपवावंसं वाटतं.

भेटायला गेले ती अकरा वर्षांनी. मळा मुलांनी विकला होता, आक्का धाकट्याकडे फ्लॅटमध्ये होत्या. थकल्या होत्या, पण मला लगेच ओळखलं. सुनेने विचारलं, "आई, या कोण?"

"ह्या फुलं न्यायला यायच्या आपल्याकडं," आक्का म्हणाल्या.

ह्या! मला अहोजाहो! मी घाईघाईने सुनेला सांगितलं की नाही हो, मी यांच्याकडे शिकले, वर्षभर, माझ्या हातात जे काही आहे ते यांचं आहे. सगळं भडाभडा बोलले. सून सासूकडे वळली. "खरं का आई? कधी बोलला नाहीत."

"मी सही केलेली हाय, ह्या कुठं शिकल्या नाय म्हनून. आता दुसरं कसं सांगू?" आवाजात राग नव्हता. मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. मी तो प्यायले.

सून मला जिन्यापर्यंत सोडायला आली. "आईंना बरं वाटावं म्हणून बोललात ना?" ती हळू आवाजात म्हणाली. "फार चांगल्या आहात तुम्ही."

आणि मी, देवाशपथ सांगते, तिथेही गप्प बसले.