मालक, अजून कसू नका

मी कुठल्याही बोल्टला पाना लावला की गाडीखालून काळा पडलेला एक हात बाहेर यायचा, वाहतूक पोलिसासारखा उभा राहायचा आणि मागून आवाज यायचा, "मालक, अजून कसू नका."

मालक म्हणजे मी. कारण गॅरेज माझं होतं. 'होतं' हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

त्या हाताचे धनी म्हणजे माझे एक पुणेकर मित्र. अमेरिकेत, ॲन आर्बरला, ते आमच्या मागच्या रस्त्यावर भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये एकटे राहायचे. बायको पुण्यात, आजारी सासूबाईंपाशी. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये वायपर बदलला तरी नोटीस येते, म्हणून त्यांनी आपली जुनी मसल कार माझ्या गॅरेजमध्ये आणली. "फक्त दोन शनिवार," म्हणाले. मी हो म्हटलं. त्यानंतर माझी स्वतःची गाडी तीन हिवाळे बाहेर बर्फात राहिली. एका जानेवारीत तर ती इतकी गाडली गेली, की आम्ही शेजाऱ्याची गाडी खणून काढली आणि ती सुरू होईना म्हणून त्याच्यासमोरच तिला शिव्या घातल्या.

तुम्हाला असे लोक माहीत असतील, जे आयुष्यभर पोहण्यावर व्याख्यानं देतात आणि पाण्यात एकदाही उतरत नाहीत. हे त्यातले. गाड्यांची सस्पेन्शन कॉम्प्युटरवर तपासायची, ही त्यांची नोकरी. पडद्यावर त्यांनी लाखभर गाड्या खड्ड्यांतून नेल्या असतील. पाना हातात धरला तो पन्नाशीनंतर, माझ्या गॅरेजमध्ये.

गाडी मात्र देखणी. इंजिन असं, की सुरू केल्यावर तीन घरांपलीकडची कपाटं उघडायची. पण मागे बैलगाडीच्या काळातले कमानपाटे. "सरळ रस्त्यावर वाघ, वळणावर म्हैस," ते म्हणायचे. त्यांना ते पाटे काढून चार दांडे आणि स्प्रिंगा बसवायच्या होत्या, आणि चॅसी मजबूत करायची होती. चॅसी म्हणजे तरी काय, पुढे एक सांगाडा, मागे एक सांगाडा, आणि मधल्या पत्र्यावर श्रद्धा. ते दोन सांगाडे जोडायचे आणि गाडी एकदा नदीकाठच्या मोठ्या वळणावर घालायची. एवढीच इच्छा. पंधरा वर्षांच्या ओळखीत या माणसानं मला दुसरी कुठली इच्छा सांगितली नाही.

पहिल्या शनिवारी गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढली. मग त्यांनी खिशातून ओळंबा काढला. गवंडी भिंतीला लावतात तोच, पुण्याहून आणलेला. चॅसीच्या टोकांवरून तो सोडून त्यांनी जमिनीवर खडूनं खुणा केल्या आणि तिरकी मापं घेतली. एक माप दुसऱ्याहून अर्धा इंच जास्त. पुन्हा घेतलं. पुन्हा अर्धा इंच. खुणा इतक्या झाल्या, की समोरची बाई माझ्या बायकोला विचारून गेली, आज तुमचा कुठला सण आहे.

चार महिने ते वाकडेपण शोधण्यात गेले. मग कळलं, की गाडी वाकडी नाही, माझी जमीन वाकडी आहे. इथल्या गॅरेजची फरशी दाराकडे उतरती असते, बर्फाचं पाणी वाहून जावं म्हणून. ते कमरेवर हात ठेवून माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना मुलगी दाखवताना वय लपवलं होतं.

"मालक, हे आधी सांगायचं."

"मला काय माहीत? मी इथं फक्त गाडी लावायचो. पूर्वी."

त्यानंतर त्यांनी कोन मोजायचं छोटं यंत्र आणलं आणि त्याचा नाद लागला. चहाला घरात आले की टेबलावर ठेव, खिडकीवर ठेव. एकदा पोळपाटावर ठेवलं.

"वहिनी, एक अंश तिरका आहे. तुमच्या पोळ्या एका बाजूनं जाड होत असणार."

बायकोनं पोळपाट उचलून वरच्या फळीवर ठेवला. त्या दिवसापासून तिनं पोळी लाटली नाही. आमच्याकडे भात सुरू झाला, आणि त्या भाताचाही पुढे या गाडीशी संबंध आला.

आता ते 'कसू नका' सांगतो. दांड्यांच्या टोकांना रबरी बुश, म्हणजे रबराच्या जाड कड्या, असतात. गाडी घोड्यांवर लोंबकळत असताना बोल्ट कसले, तर ते रबर तीच आपली खरी जागा समजतं. मग गाडी खाली उतरून वजन आलं की ते पिळलं जातं आणि कधीतरी फाटतं. म्हणून आधी चाकांवर पूर्ण वजन आणायचं आणि मग कसायचं. तत्त्व बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण हा माणूस ते सगळीकडे लावायचा. त्यांच्या घरी जेवायला गेलो तर टेबल होडीसारखं डुलायचं, कारण चारही पायांचे स्क्रू हातानं फिरवून सोडलेले. पुस्तकांचं कपाट अर्धं जोडलेलं. ग्रीन कार्डची रांग पंधरा वर्षं चाललेली.

"अहो, हे तरी कसा की."

"कसू. घाई काय आहे?"

वेल्डिंग शिकायला एक हिवाळा गेला. सरावासाठी त्यांनी माझं बर्फ काढायचं फावडं जोडून दिलं. ते आता उचलायला दोन माणसं लागतात.

मग वजनाचा प्रश्न आला. गाडीच्या मागच्या सीट काढलेल्या, टाकी रिकामी. खरं वजन आणायचं कुठून? आम्ही इंडियन स्टोअरमधून वीस-वीस पौंडांच्या तांदळाच्या पिशव्या आणून मागे रचल्या. आठवडाभर उंची बरोबर आली. नवव्या दिवशी ते फूटपट्टी लावून गोंधळून बसले. मागची बाजू वर आली होती. स्प्रिंग तपासली, जमीन तपासली, माझ्यावरही संशय घेतला. शेवटी बायकोनं आतून सांगितलं, "एक पिशवी मी घेतली. रोज भात लागतो आपल्याला. पोळपाट तिरका आहे ना."

त्यांनी संपूर्ण माप पुन्हा सुरू केलं.

मी वैतागलो होतो, हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल. मी मनात भाषणं तयार करायचो. प्रत्येक शनिवारी सकाळी एक नवीन भाषण, आणि दहा वाजता दारात हा माणूस, हातात वहिनींसाठी केळी.

एका आठवड्यात ते मंगळवारी आले.

"आज मंगळवार आहे," मी म्हणालो.

"हो."

"ऑफिस?"

"नाहीये आता." त्यांनी केळी ठेवली. "अख्खा ग्रुप काढला. व्हिसाचे साठ दिवस आहेत. नवी नोकरी मिळाली तर राहायचं, नाहीतर निघायचं."

मग गाडीखाली शिरले. त्या दिवशी मी एकही भाषण केलं नाही.

सकाळी ते अर्ज करायचे, फोनवर मुलाखती द्यायचे आणि दुपारी गॅरेजमध्ये यायचे. या वयाचा माणूस, वरून व्हिसाचं काम. सगळे गोड बोलायचे आणि पुढे काही व्हायचं नाही. मला वाटलं, आता तरी हात चालेल. कसला! चाळिसाव्या दिवशीही ते ओळंबा सोडून बसले होते. बावन्नाव्या दिवशी विमानाचं तिकीट काढलं. सत्तावन्नाव्या दिवशी दोन्ही सांगाडे जोडून झाले. चाकं ठोकळ्यांवर, गाडीचं वजन चाकांवर, आठ बोल्ट कसायचे बाकी. आणि ते म्हणाले, "एकदा माप घेऊ."

मग मात्र माझा तोल गेला. "परवा विमान आहे तुमचं! तीन वर्षं मी बर्फ खरवडतोय. कुणाच्या वजनाची वाट बघताय तुम्ही?"

ते उठले. हात पुसले. गाडीचं दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

"आता कसा," म्हणाले.

तीन वर्षांत पहिल्यांदा. मी गाडीखाली सरकलो. ठरलेला दाब आला की तो पाना टक् वाजतो.

"आला?" वरून आवाज.

"आला."

"पुढचा."

असे सात झाले. आठव्याला पाना लावून मी नुसताच पडून राहिलो. इतकी वर्षं घाई करणारा मी.

"मालक, झोपलात का?"

मी कसला. टक्.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी गेलो. मला वाटलं, हा माणूस आता टायर जाळणार. त्यांनी वळण घेतलं तासाला पस्तीस मैलांनी. मागून एक मोटरसायकलवाला ओरडून पुढे गेला. गाडी मात्र रुळावर ठेवल्यासारखी वळली, मागची बाजू जराही उडाली नाही. ते तीनदा परत फिरून त्याच वळणावर आले. तिसऱ्यांदा फक्त म्हणाले, "बसली."

घरी येऊन किल्ली माझ्या हातात दिली. "विकू नका म्हणत नाही. पण परत घोड्यांवर चढवू नका."

ते गेले. गॅरेज मला अजून मिळालेलं नाही. माझी गाडी याही वर्षी बाहेर आहे.

रविवारी पुण्याहून फोन येतो. "डावी मागची उंची घ्या. तुम्ही सीटवर बसा, वहिनींना फूटपट्टी लावायला सांगा." पहिल्यांदाच घेतली तेव्हा डावी बाजू पाव इंच वर निघाली. गाडी त्यांच्या वजनावर बसवलेली, आणि मी त्यांच्यापुढे उदबत्ती. बरीच आकडेमोड करून ते म्हणाले, "तुमच्या सीटमागे तांदळाच्या तीन पिशव्या ठेवा."

ठेवल्या. आता बरोबर बसते.

परवा घरातला तांदूळ संपला. बाहेर बर्फ, दुकानात जायची सोय नाही. बायको गॅरेजमध्ये गेली. गाडीच्या काचेतून त्या तीन पिशव्यांकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग रिकाम्या हातानं आत आली आणि वरच्या फळीवरून पोळपाट काढला.

"आज पोळ्याच करते," म्हणाली.