बायकांचा नाताळ

सुनेत्राला बसायची सवयच राहिली नव्हती. सिंगापूरला बुकित बातोकमधल्या नवव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये सोफा होता, जेवणाचं टेबल होतं, खिडकीपाशी वेताची खुर्चीही होती. पण चहासुद्धा ती ओट्याला टेकून उभ्यानंच घ्यायची. सासूबाई, म्हणजे माई, मिरजेहून कायमच्या राहायला आल्या आणि वर्षभरातच अर्धांगाच्या झटक्यानं अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

मदतीला मुलगी ठेवून पाहिली. इंडोनेशियाची होती, स्वभावानं गरीब. माई तिच्या हातचं खाईनात, तिला अंगाला हात लावू देईनात. शेवटी ती रडतच एजन्सीत परत गेली आणि सुनेत्रानं पॉलिक्लिनिकच्या लॅबमधली नोकरी सोडली. तिची स्वतःची मुलगी, जाई, शिकायला मेलबर्नला होती. नवरा मनोहर एका जहाज कंपनीत अकाउंट्स बघायचा. माणूस वाईट नव्हता. ऑफिसातून आला की माईंच्या उशाशी जरा वेळ बसायचा आणि उठताना सुनेत्राला म्हणायचा, "तू आहेस म्हणून सगळं चाललंय." कौतुकानंच म्हणायचा. पण ते ऐकलं की सुनेत्राला आणखी थकल्यासारखं व्हायचं.

शेजारच्या दारात ब्रीडा लिम राहायच्या. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावातल्या. तिकडे शिकायला आलेल्या लिम नावाच्या सिंगापुरी मुलाशी लग्न करून तरुणपणी इथं आल्या, बालवाडीत शिकवलं, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, इथंच राहिल्या. पांढरे केस कानापर्यंत कापलेले, पायात रबरी सपाता, आणि इंग्रजीत मधूनच येणारा इथला सिंगापुरी 'लाह'. सुनेत्रा त्यांना ब्रीडाताई म्हणायची. ताई म्हणजे काय ते कळल्यावर त्या खूश झाल्या होत्या.

२०१२ सालच्या सहा जानेवारीला त्यांनी पहिल्यांदा दार वाजवलं.

"चल, चहाला ये. आज आमच्याकडे बायकांचा नाताळ."

"नाताळ तर होऊन गेला की!"

"तो मोठा. मांसाचा आणि दारूचा, पुरुषांचा. आजचा धाकटा, आपला. आज बायकांनी घरात काडी उचलायची नसते."

त्यांच्या भाषेत त्या दिवसाला 'नलिग ना मॉन' म्हणायचे. येशूच्या जन्मानंतर ताऱ्याच्या मागानं निघालेले तीन शहाणे त्या बाळापर्यंत पोचले तो हा दिवस, नाताळाच्या बारा दिवसांतला शेवटचा. ते तीन पुरुष भेटी देऊन निघून गेले, बाळंतिणीकडे कोणी बघितलं की नाही कोण जाणे, असं ब्रीडाताईंची आई म्हणायची. गावातले पुरुष त्या दिवशी चूल पेटवायचे, गाईंच्या धारा काढायचे, पोरं सांभाळायचे, आणि बायका एकमेकींकडे जाऊन उरलेला केक खात संध्याकाळपर्यंत गप्पा मारायच्या.

"म्हणजे आमच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवासारखंच," सुनेत्रा म्हणाली. मग तिला वाटलं, तसं कुठं? हळदीकुंकवाला घरच्या बाईला क्षणभर टेकायला मिळत नाही. आणि ब्रीडाताईंसारख्या विधवेला तर कोणी बोलावतही नाही. तिनं स्वतः तरी कुठं बोलावलं होतं? एका वर्षी मनात आलं होतं, तर माईंनी कॉटवरूनच मान हलवून नाही म्हटलं होतं. माई स्वतः ऐन तिशीत विधवा झालेल्या. मिरजेच्या घरी बाहेर हळदीकुंकू चाललं की त्या आतल्या खोलीत भांड्यांत तिळगूळ भरत बसायच्या. जे आपल्या वाट्याला आलं नाही ते दुसरीला मिळावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी सुनेत्रा ब्रीडाताईंकडे गेली ती उभ्या उभ्याच. समोरच्या घरातली रोहाना तिथं पाय पसरून बसली होती. सुनेत्रानं अर्धा कप चहा घेतला आणि माईंची हाक आल्यासारखं वाटून ती पळाली.

त्याच वर्षी डिसेंबरात सांगलीला तिची आई वारली.

भावाचा फोन आला तेव्हा ती माईंना पेज भरवत होती. मनोहर म्हणाला, "तू पोचेपर्यंत काय राहणार आहे? आणि इथं माईंचं कोण बघणार? माझं वर्षअखेरचं क्लोजिंग आहे." तो रागावून बोलला नाही, खरी अडचण होती तीच बोलला. सुनेत्रा हो म्हणाली. दिवसांनाही गेली नाही. रडलीही नाही. पेजेचा वाडगा धुऊन पालथा घातला, चादर बदलली, आणि दुसऱ्या दिवसापासून कोणाशी फारसं बोलेनाशी झाली.

पुढच्या सहा जानेवारीला रविवार होता. दार मनोहरनं उघडलं.

"ती जरा कामात आहे," तो म्हणाला.

ब्रीडाताई त्याच्या बाजूनं सरळ आत आल्या. स्वयंपाकघरात सुनेत्रा धुतलेलीच कढई पुन्हा घासत होती.

"काय झालंय?"

"माझी आई गेली. गेल्या महिन्यात."

"आणि तू?"

"मी इथंच होते."

ब्रीडाताईंनी तिच्या हातातली घासणी काढून घेतली. त्या तशाच बाहेर गेल्या आणि परत आल्या त्या केकचा ट्रे घेऊन. मागे करी पफ घेतलेली रोहाना. "तुला येता येत नाही ना? मग आम्ही इथं येतो," असं म्हणत त्यांनी ट्रे थेट माईंच्या खोलीत नेला, कॉटशेजारी दोन खुर्च्या ओढल्या आणि मनोहरला सांगितलं, "चहा आज तुम्ही करायचा." मनोहरला चहाची पूड कुठं असते तेही ठाऊक नव्हतं. बराच वेळ डब्यांची झाकणं वाजत राहिली.

माई डोळे विस्फारून बघत होत्या. जीभ जड झाल्यामुळे त्या दोनचार शब्दच बोलत.

"ही... का आली?"

"आज बायकांचा सण आहे त्यांच्यात," सुनेत्रानं सांगितलं. "सगळ्या बायकांचा. नवरा आहे की नाही हे त्यात विचारत नाहीत."

माई ट्रेकडे बघू लागल्या. ब्रीडाताईंनी केकचा लहानसा तुकडा कुस्करून दुधात भिजवला आणि चमचा पुढं केला. परक्या हातचं न खाणाऱ्या माईंनी तोंड उघडलं. सुनेत्रा बघतच राहिली.

मग ब्रीडाताई त्यांच्या गावाकडच्या गोष्टी सांगू लागल्या आणि दाराशी उभी राहून सुनेत्रा माईंसाठी त्या मराठीत सांगू लागली. सहा तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक मेणबत्ती लावायचे. पणजीच्या काळी तर शेणाच्या गोळ्यात लव्हाळ्याच्या वाती खोचायचे.

"शेण?" माईंना हसू आलं. "तिकडं... पण?"

"तिकडंपण," सुनेत्रा म्हणाली, आणि तीही किती तरी दिवसांनी हसली.

पण गोष्ट पुढं गेली तसं ते हसू राहिलं नाही. ज्याची ज्योत आधी विझेल तो घरातून आधी जाणार, असं मानायचे. ब्रीडाताई नऊ वर्षांच्या होत्या. मेणबत्त्यांची थाळी नीट ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी ती खिडकीत ठेवली, रस्त्यावरून छान दिसेल म्हणून. त्या खिडकीला फट होती. मोठ्या भावाची, डोनलची, मेणबत्ती सगळ्यांत आधी विझली. तो हसला आणि त्यानं ती पुन्हा पेटवली. त्याच वसंतात मासेमारीला गेलेली त्याची होडी उलटली.

"आई एकदाच म्हणाली, 'थाळी खिडकीत कोणी ठेवली होती?' पुन्हा तो विषय कधी काढला नाही. मेणबत्त्या बंद झाल्या. बायका मात्र दर वर्षी यायच्या. सगळ्यांना चहा मी द्यायचे. माझ्या हातून आईनं कप कधी घेतला नाही. खाली ठेव म्हणायची. मग उचलायची. ती गेली तेव्हा मी इथं होते. मला जाता आलं असतं. गेले नाही."

हेही सुनेत्रा मराठीत सांगू लागली. 'जाता आलं असतं' एवढं म्हणून ती थांबली, आणि महिनाभर अडून राहिलेलं रडू एकदम बाहेर आलं. तिनं दाराची चौकट धरली.

माईंनी चांगला हात चादरीबाहेर काढला आणि पायाशी असलेल्या रिकाम्या जागेवर आपटला.

"बस," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, जिभेला जोर देऊन, "तू... बस."

सुनेत्रा बसली. मनोहर चहा घेऊन आला तो फार गोड झाला होता. सगळ्यांनी तो तसाच संपवला.

त्या दिवसानं माई बदलल्या असं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पेज गार म्हणून त्यांनी वाडगा उलटवलाच. पण ब्रीडाताई दुपारी येऊन बसल्या तर चालायला लागलं, आणि ती तासदीड तासाची सवड सुनेत्राला मिळायला लागली. खाली बाजारात भाजी घेऊन झाली की ती उगीचच तळ्याकाठच्या बागेपर्यंत जाऊन यायची. २०१४ च्या पावसाळ्यात माई गेल्या. शेवटच्या दिवशी एक हात सुनेत्राच्या आणि एक ब्रीडाताईंच्या हातात होता.

आता तरी निवांतपणा येईल असं वाटलं, तोवर ब्रीडाताईंच्या पोटात दुखायला लागलं. निदान झालं तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता. वर्षभर सुनेत्रा त्यांच्या औषधाच्या वेळा सांभाळत राहिली. अंगवळणी पडलेलंच काम ते, पण यावेळी तिला त्याचा शीण वाटला नाही. वाटायची ती धास्ती. २०१५ च्या नाताळात त्यांना हॉस्पिसमध्ये हलवावं लागलं.

सहा जानेवारीला सुनेत्रा आणि रोहाना तिथं थर्मासमधून चहा घेऊन गेल्या. ब्रीडाताई वाळून उशीएवढ्या झाल्या होत्या. चहात भिजवलेला कापूस ओठांना लावला, तेवढाच. रोहाना नर्सशी बोलायला बाहेर गेली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"मेणबत्ती आणलीस?"

"इथं ऑक्सिजन आहे, ताई. लावता येत नाही."

"मग तूच सांग. चूक कोणाची होती?"

क्षणभर सुनेत्राला कळलं नाही. मग खिडकीतली ती थाळी आठवली. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"वाऱ्याची. खिडकीला फट होती, तुम्ही लहान होतात. चूक वाऱ्याची."

ब्रीडाताईंच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. "हे आईनं एकदा म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "किती सोपं होतं."

सुनेत्राला वाटलं, आपण आणखी काही तरी बोलावं. पण तिला स्वतःची आई आठवली, आणि आपल्याला असं सांगायला आता कोणी उरलं नाही हेही. ती हात धरून नुसती बसून राहिली.

संक्रांत झाली आणि दोन दिवसांनी ब्रीडाताई गेल्या. आयर्लंडहून यायला कोणी नव्हतं. चर्चमध्ये बालवाडीतल्या जुन्या सहकारी होत्या, मजल्यावरची माणसं होती. मनोहरनं रजा काढली होती. पेटीला खांदा द्यायला माणूस कमी पडतंय म्हटल्यावर तो आपणहून पुढं झाला. दहनानंतर अस्थी लिमसाहेबांच्या शेजारच्या कप्प्यात ठेवल्या. ब्रीडाताईंच्या फ्लॅटमध्ये पुढे एक नवं जोडपं आलं. भली माणसं होती, पण दार सदा बंद.

वर्षानं सहा जानेवारी आली तेव्हा सुनेत्रा आणि रोहाना कोलंबेरियममध्ये, अस्थींचे कप्पे असतात तिथं, गेल्या. कप्प्यावरच्या नावापुढं उभ्या राहिल्या. बाहेर पाऊस लागला म्हणून बाकावर टेकल्या. रोहानानं तिच्या मुलीच्या लग्नाचं काढलं, सासरकडच्यांचे मानपान, पाहुण्यांची यादी. सुनेत्रानं जाईचं सांगितलं, ती आता परत येणार नाही म्हणते ते. मग रोहानाचे गुडघे, मनोहरचं रिटायर होणं, असं काय काय निघत गेलं. पहारेकरी बंद करायची वेळ झाली म्हणून सांगायला आला तेव्हा पाऊस कधीच थांबला होता.

परतीच्या बसमध्ये सुनेत्राच्या लक्षात आलं, आपण दुपारभर बसलो होतो. घरी काय वाट बघतंय हे एकदाही मनात आलं नाही, आणि शेवटी शेवटी तर ब्रीडाताईसुद्धा मनात नव्हत्या. तिला फार लाज वाटली. ती खिडकीकडे तोंड करून रडायला लागली. रोहानानं पर्समधून टिश्यूचं पाकीट काढून तिच्या मांडीवर ठेवलं, आणि उतरायचा थांबा येईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.