पुढच्या चाकाचा निकाल

मोटारसायकल हा प्रकार मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. रत्नागिरीत तेव्हा असली वाहनं बोटांवर मोजण्याइतकी. आमचे हे डॉक्टर. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी देवरूखला जाऊन रोगी तपासायचे, आणि वाटेतल्या वाड्यांवरची माणसं गाडीचा आवाज ऐकून आपापलं दुखणं घेऊन रस्त्याला येऊन उभी राहायची. उतारूंची सर्व्हिस मोटार अशी जागोजागी थांबत नाही, म्हणून ही फटफटी. कारण खरं होतं. पण तिच्यावर बसलं की ह्यांची मान जरा जास्तच ताठ व्हायची, तेही खरं होतं.

वैशाख संपत आला होता. देवरूखहून परतताना निवळीच्या घाटात, कुणाच्या तरी बैलगाडीतून पडलेला जांभ्या दगडाचा चिरा वळणावर आडवा पडला होता. ह्यांना तो उशिरा दिसला. हनुवटी फुटण्यावर निभावलं, पण पुढचं चाक पापडासारखं वळलं. गाडी बैलगाडीत घालून घरी आणली. घाटातलं ते वळण मला माहीत होतं. त्याच्या पलीकडे नुसती दरी आहे.

"नवं चाक मागवा," मी म्हटलं. "मुंबईला तार करा."

आगबोटी आता पंधराएक दिवसच यायच्या होत्या. मग पावसाळाभर बंदर बंद. आठवडाभरात तार गेली, तर शेवटच्या एखाद्या बोटीने चाक येण्याची आशा. नाहीतर नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत विसरा.

"आणि तोवर वाटेवरच्या रोग्यांनी काय करायचं?" हे म्हणाले. "लोखंडच आहे ते. वाकलं तसं सरळ होईल."

चाक लोहाराकडे गेलं. लोहार भला माणूस. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. धाव लालभडक तापवायची, लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. आवळून बसते ती जन्माची. ह्या चाकाचंही त्याने तेच केलं. करवंट्यांच्या कोळशात कड लाल केली, ठोकून सरळ केली आणि पाण्यात बुडवली. आयुष्यभर जे केलं, तेच त्याने मन लावून केलं.

"तापवल्यावर ती कड कच्ची नाही ना पडत?" मी ह्यांना विचारलं.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला काही कळत नाही. तुम्हाला काय कळतं ते सांगा."

दिवस उलटत राहिले. तार काही गेली नाही. रात्री मी कूस बदलत पडायची आणि मला ते वळण दिसायचं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. माझा स्वभावच तसा.

बाजाराच्या दिवशी सकाळी लोहाराने अंगणात येऊन चाक बसवलं आणि फिरवून दाखवलं. फिरलं, पण जरा लचकत. हे म्हणाले, "एवढं चालतं." आणि मागच्या कॅरिअरवर औषधांची पेटी बांधायला लागले.

लोहार हात पुसत कौतुकाने म्हणाला, "डाक्टर, आमच्यात धाव चढवली की पयली फेरी आमी घरच्या मानसांना बसवून मारतंव. गिऱ्हाईकाच्या ताब्यात गाडी मंग."

मी ओटीवरून खाली उतरले. पेटीची दोरी सोडली, पेटी जमिनीवर ठेवली आणि कॅरिअरवर जाऊन बसले. नऊवारीला काष्टा असतो ते बरं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. पंचविशीत विधवा झालेल्या, आलवणातल्या, आणि सोवळ्याओवळ्याच्या फार कडक. "अगो, उतर आधी!" त्या ओरडल्या. "वेड लागलं काय? सगळी आळी बघत्ये!"

"उतर," हे म्हणाले.

"का? चाक पक्कं आहे ना?"

"आहे."

"मग चला. फेरी मारून येऊ घाटापर्यंत."

हे तिरमिरीतच पुढे बसले. गाडी सुरू केली. अंगण हादरायला लागलं. मी मागे लोखंडाला घट्ट धरून बसले होते. हे खरंच निघाले असते तर मी उतरणार नव्हते. ह्यांचा हात मुठीवर आवळलेला मला दिसत होता. तो सुटेना. लोहार चाकाकडे बघेना.

मग ह्यांनी गाडी बंद केली.

"तुला घेऊन घाटात नाही जायचा मी," मागे न बघता म्हणाले.

ते चाक टिकलं असतं की नाही, मला आजही माहीत नाही. पण खरं तर मी तिथेच गप्प बसायला हवं होतं, जिंकले होते. उलट माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे मी मेलेली चालत नाही, आणि विधवा झालेली चालते?"

सवाष्णीने असलं अभद्र तोंडातून काढायचं नसतं, आणि तेही सकाळच्या पारी, सासूसमोर. हे पांढरेफटक पडले. मी उतरले आणि मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिले.

सासूबाई पायऱ्या उतरून आल्या. औषधांची पेटी उचलून त्यांनी ह्यांच्या हातात दिली. "सर्व्हिस मोटार सुटली नसेल अजून. तीतून जा. आणि आधी तार कर."

हे पेटी घेऊन गेले. लोहारही गेला. सासूबाई मात्र तिथेच उभ्या. सासरे भरल्या खाडीत होडी उलटून गेले, एवढंच मला ठाऊक होतं. त्याबद्दल त्या घरात कधी कुणी बोलत नसे.

"त्या दिवशी माझ्याही अगदी ओठांवर आलं होतं, गो," त्या म्हणाल्या. "पण अभद्र कशाला बोलायचं, म्हणून मी गप्प राहिले."