देवाला दिलेला वाफा

लढाई पेटली सुएझला आणि भांडण लागलं दूर बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावात, आमच्या स्वयंपाकघरात.

घरामागे झाडाएवढ्या उंच नेच्यांच्या सावलीत आईचा अँथुरियमचा वाफा होता. लाल, मेण चोळल्यासारखी फुलं. दर आठवड्याला दलालाची व्हॅन यायची, फुलं खोक्यांत निजवून न्यायची आणि तिथून ती विमानाने युरोपात जायची. लग्नानंतर आईच्या हाती स्वतःच्या कष्टाचा पैसा पहिल्यांदा आला तो या फुलांमुळे. दुकानात जाताना ती बाबांना विचारेनाशी झाली. बाबांना हे खुपत होतं, पण बोलायला निमित्त नव्हतं. ते लढाईने दिलं.

कालवा बंद झाला, बोटी अडल्या, जो तो विमानात जागा मागू लागला. तिथे फुलांना कोण विचारतो? दलाल ‘बघू पुढं’ म्हणून गेला तो गेलाच. बाबा रेडिओला कान लावून बसायचे आणि बातम्या संपल्या की जाहीर करायचे, “गणपती झालं की वाफा खणतो. घेवडा लावू. फुलं काय खायची हायेत?” बाबा कचेरीत कारकून. जन्मात घेवडा लावलेला नाही आणि कुदळ धरली की हाताला फोड! पण सांगणार कोण?

आईने डोकं चालवलं. गणपतीच्या सजावटीला फुलं दिली की लोक बघतील, लग्नकार्याला मागतील, वाफा तगेल. टोपली घेऊन ती मंडळाच्या बैठकीला गेली. मी बरोबर होते. नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते आणि सगळं मला कळतं असं मला वाटायचं. पण आमच्याकडचे ख्रिस्ती लोक हीच फुलं नोव्हेंबरात थडग्यांवर ठेवतात, हे मी विसरले होते. मंडळाचे म्हातारे अध्यक्ष विसरले नव्हते.

“बाई, ही सिमित्येरची फुलं. मेलेल्यांची. देवाला न्हाय चालत. आन् वासबी न्हाय.”

“जास्वंदीला कुठं हाय वास?” आई म्हणाली. “गणपतीला तर तीच पायजे तुमाला.”

बाबा तिथेच बसले होते, छताकडे बघत. शेवटी फुलं घेतली, पण मूर्तीच्या मागे, पडद्याला चिकटून ठेवली, वर उपकार केल्यासारखं तोंड.

संध्याकाळपर्यंत जास्वंद मिटून गेली. दुसऱ्या दिवशी भटजींनीच मागची लाल फुलं गुपचूप पुढे आणली. विसर्जनापर्यंत ती तशीच टवटवीत. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी तीच फुलं आणि सगळी शाबासकी बाबांना! वाफ्यात कधी तांब्याभर पाणी न घातलेल्या माणसाला! बाबा इतके फुगले, की आरतीआधी मूर्तीसमोर हात जोडून सगळ्यांदेखत म्हणाले, “ह्यो वाफा आजपास्नं देवाचा. खणणार न्हाय. त्यातलं एक फूल इकणार न्हाय.”

टाळ्या पडल्या. आई आरतीचं ताट धरून उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. संतापाने मी आरतीची ओळ चुकले.

काही आठवड्यांनी फाटकापाशी व्हॅनचा भोंगा वाजला. ड्रायव्हर ओरडला, “मादाम, लाव्यों फिन रकुमांसे!” विमानांत पुन्हा जागा मिळू लागली होती. आई कात्री घेऊन धावली. बाबा दारातच आडवे.

“देवाला दिल्यालं इकतात व्हय? पाप लागंल.”

“देवानं मागितला व्हता, का तुमीच न इचारता दिला?”

बाबा दारातून हलेनात. आई देवासमोर बोललेला शब्द मोडणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तेवढ्याच भांडवलावर ते उभे होते. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, एवढ्यात आईने कात्री खाली ठेवली, खुरपं घेतलं आणि वाफ्याच्या कडेला बसली. मोठ्या झाडांच्या बुडाशी फुटलेली पिल्लं एकेक करून सोडवली.

“फुलं दिलीत ना तुमी? ह्यांना फूल न्हाय,” ती बाबांकडे न बघता म्हणाली. “ही माजी.”

स्वयंपाकघरामागे, चुलीच्या धुराने काळ्या पडलेल्या भिंतीशी, तिने ती लावली. ड्रायव्हर अजून खोळंबला होता. मातीचे हात घेऊन आई फाटकापाशी गेली.

“दोन वर्सांनी ये.”

त्याला ती थट्टा वाटली. तो हसत निघून गेला. आई हसत नव्हती.