सुभेदारांचा आऊट

विट्याला मुलींच्या टेनिस-बॉल क्रिकेट स्पर्धेला पंच म्हणून आम्ही एका निवृत्त सुभेदारांना बोलावतो. आऊट हा शब्द त्यांच्या तोंडी कायम. वीज गेली की लाइट आऊट, दूध नासलं की दूध आऊट, सुनेशी वाजलं की "आज मी घरातनं आऊट हाय." मी शाळेत इंग्रजी शिकवते. एकदा त्यांना सांगितलं, की हा शब्द आपल्या उदय, उद्गम यांतल्या 'उद्'चा लांबचा नातलग. अर्थ वर, बाहेर. सुभेदार खूश. "आवं बाई, म्हनून तर बोट वर करायचं!"

दिलेला आऊट त्यांनी कधीच मागे घेतला नव्हता. यंदा अंतिम सामन्यात आमच्या शाळेविरुद्ध त्यांची नातच खेळत होती. शेवटची जोडी, दोन चेंडू, तीन धावा. आमच्या कीपरने तिचा झेल घेतला, सुभेदारांचं बोट वर गेलं आणि आम्ही नाचू लागलो. कीपर मात्र हातातल्या चेंडूकडे बघत उभी राहिली.

सुभेदार कीपरजवळ गेले. "पोरी, टप्पा पडला व्हता?"

"व्हय," ती म्हणाली.

"आऊट न्हाई!" ते ओरडले आणि नातीला परत बोलावलं.

मैदान पेटलं. "सुभेदार, नातीला वाचवता व्हय?" त्यांचे कान लाल झाले, पण ते जागचे हलले नाहीत. पुढच्याच चेंडूला नातीने चौकार मारला.

बक्षिसांच्या वेळी "पंच बदला" असा गलका झाला. मी सरळ माईक घेतला आणि हरलेल्या शाळेतर्फे सांगितलं, "पुढच्या वर्षीही पंच हेच."